पियानो बदलू नका, आधी व्हेलॉसिटी बघा

प्रश्न: मी घरच्या घरी गाणी करतो. वाजवण्याचं शिक्षण नाही, २५ कीचा छोटा मिडी कीबोर्ड आहे. म्हणून पियानोसाठी इंटरनेटवर फुकट मिळालेला मिडी पॅटर्नचा पॅक वापरतो. पॅटर्न ट्रॅकवर ओढायचा आणि व्हर्च्युअल पियानो लावायचा, एवढंच. पॅकसोबतच्या नमुना ऑडिओत तोच पॅटर्न सुरेख वाजतो, माझ्याकडे मात्र टाइपरायटर बडवल्यासारखा. पेडल घातलं की सगळं गढूळ होतं. गाणं संथ आहे, ८० बीपीएम (मिनिटाला ८० मात्रा). पॅटर्न सी मेजरमध्ये आणि गायिकेची पट्टी काळी चार. ट्रान्सपोज केलं (पॅटर्नची पट्टी बदलली) की आणखी बिघडतं. लॅपटॉपची रॅम ८ जीबी, मधूनच कडकड आवाज येतो आणि कीबोर्ड वाजवताना सूर उशिरा निघतो. मित्र म्हणतात, एखादा मोठा, महागडा पियानो प्लगइन (सॉफ्टवेअरमधला पियानो) घे. घेऊ का? आणि फुकटचे पॅटर्न गाण्यात वापरले तर पुढे अडचण येईल का?

उत्तर: नका घेऊ. निदान आत्ता तरी नको. तुमच्या पत्रातली एकही तक्रार पियानोच्या दर्जाची नाही. नवा प्लगइन आणलात तर हाच टाइपरायटर थोड्या भारी लाकडाचा वाजेल, आणि ८ जीबीच्या लॅपटॉपवर कडकड वाढेल ती वेगळीच.

मिडी फाइलमध्ये आवाज नसतो. कोणती की, केव्हा दाबली, किती जोरात आदळली, केव्हा सोडली आणि पेडल कधी वर-खाली झालं, एवढंच तिच्यात लिहिलेलं असतं. जोराचा आकडा म्हणजे व्हेलॉसिटी. १९८३ साली ठरलेल्या मिडीच्या नियमांत तिला ७ बिट मिळाले, म्हणून ती १ ते १२७ पर्यंतच जाते. शून्य आलं तर त्याचा अर्थ ‘नोट सोडली’ असा घेतात. आता मुद्दा असा, की ९० म्हणजे नेमकं किती जोरात, हे मिडी सांगत नाही. ते प्रत्येक पियानो आपापल्या मनाने ठरवतो. पॅक करणाऱ्याने ज्या पियानोवर पॅटर्न तपासला, त्यावर ९० मऊ वाजत असेल. तुमच्याकडच्यावर तेच ९० हातोडा मारल्यासारखं वाजेल. नमुना ऑडिओ आणि तुमचा ट्रॅक यांत बहुतेक वेळा एवढाच फरक असतो.

पॅटर्न पियानो रोलमध्ये (नोटा आडव्या पट्ट्यांसारख्या दिसतात त्या खिडकीत) उघडा आणि खालच्या व्हेलॉसिटीच्या रेघा बघा. सगळ्या एकाच उंचीच्या असतील, बहुधा १०० वर, तर पॅटर्न कोणी वाजवलेलाच नाही, माउसने मांडलेला आहे. फुकटच्या पॅकमध्ये असे पॅटर्न ढिगाने सापडतात. रेघा वर-खाली असतील तर निम्मं काम आधीच झालंय. फक्त त्यांची पातळी तुमच्या पियानोशी जुळवायची.

सपाट व्हेलॉसिटीने नेमकं काय बिघडतं ते सांगतो. सॅम्पल केलेल्या पियानोत प्रत्येक सूर हळू, मध्यम, जोरात अशा अनेक थरांत रेकॉर्ड केलेला असतो. फुकट मिळणाऱ्या सॅलॅमँडर ग्रँड पियानोत असे १६ थर आहेत. सगळ्या नोटा १०० वर असल्या, तर १६ पैकी एकच थर वाजतो आणि बाकीचे पंधरा डिस्कवर झोपून राहतात. पियानोत जोर वाढला की आवाज नुसता मोठा होत नाही, त्याचा रंग बदलतो. वरचे उपस्वर (मूळ सुरासोबत वाजणारे बारीक सूर) उजळतात. तो बदल होतच नाही, त्यामुळे कानाला यंत्र ऐकू येतं. पियानोटेकसारखी सॉफ्टवेअर सॅम्पल न वापरता तारेचं, हातोडीचं गणित करून आवाज घडवतात. त्यांत थर नसतात, पण आकडा सपाट दिला तर तीही सपाटच वाजणार.

तेव्हा सुरुवात मापनाने करा. रिकाम्या ट्रॅकवर नोट ६०, म्हणजे मधला सी, सहा वेळा ठेवा, दर बारला (चार मात्रांना) एक. व्हेलॉसिटी २०, ४०, ६०, ८०, १००, १२०. डोळे मिटून ऐका आणि आवाज कुठे ‘धातूसारखा’ व्हायला लागतो तो आकडा लिहून ठेवा. मग हीच चाचणी नोट ४० आणि ८४ वर करा, कारण खालचे आणि वरचे सूर वेगळे वागतात. समजा तुमचा पियानो ८५ च्या पुढे कडक होतो. मग संथ गाण्यातला तुमचा पॅटर्न साधारण ४० ते ७५ मध्ये बसायला हवा, आणि ८५ च्या वरचं सगळं शेवटच्या, चढ्या अंतऱ्यासाठी राखून ठेवायचं.

पातळी खाली आणताना एक चूक नेहमी होते. पॅटर्न ८५ ते ११५ मध्ये असेल तर बरेच जण व्हेलॉसिटी ६० टक्क्यांवर आणतात. हाती येतं ५१ ते ६९. ३० आकड्यांचा चढउतार १८ वर आला, म्हणजे वाजवणाऱ्याने घातलेला भावही आखडला. त्यापेक्षा सगळ्या नोटांतून ३५ वजा करा: ५० ते ८०, चढउतार जसाच्या तसा. गुणाकार तेव्हा करा, जेव्हा पॅटर्नमधला फरकच जास्त असेल. आणि प्लगइनमधली व्हेलॉसिटी कर्व्ह (बोटाच्या जोराला कोणता आकडा, हे ठरवणारी रेघ) व पियानो रोलमधले आकडे दोन्ही एकदम हलवू नका. नंतर कशामुळे काय झालं ते कळेनासं होतं. कर्व्ह तुमच्या कीबोर्डसाठी एकदा लावून ठेवा, पॅटर्नची दुरुस्ती नोटांवर करा.

पॅटर्न अगदी सपाट असेल तर वजाबाकीने काही साधणार नाही. हाताने आकडे द्यावे लागतील. ते वाटतं तितकं किचकट नाही, कारण कॉर्डमधल्या प्रत्येक नोटेचं काम ठरलेलं असतं. सगळ्यात वरची नोट चाल सांगते, सगळ्यात खालची आधार देते, मधल्या नुसता रंग भरतात. ७० व्हेलॉसिटी वरच्या नोटेला, ६० बासला आणि मधल्यांना ४२ ते ४८ दिलं की तीच कॉर्ड एकदम उघडते. नवख्या माणसाच्या कॉर्डमध्ये मधली बोटं सगळ्यात जोरात पडतात. मिडीत तरी ते टाळता येतं. मग आडवा चढउतार: पहिल्या मात्रेला मोजून ५-६ जास्त, चौथीला तेवढेच कमी, एकच कॉर्ड लागोपाठ दोनदा आली तर दुसरी ८-१० ने हलकी. चार बारचं वाक्य धरून तिसऱ्या बारपर्यंत हळूहळू ८ चढवा आणि चौथ्यात उतरवा. अर्पेजिओ (कॉर्डचे सूर एकामागून एक) वर जाताना वाढतो, खाली येताना विझतो. एवढं केलंत की टाइपरायटर बराचसा गेला म्हणून समजा.

आता गढूळपणा. त्याची कारणं तीन असतात आणि बहुधा तिन्ही एकत्र येतात: पेडल, खालच्या सुरांतली गर्दी आणि रिव्हर्ब (खोलीतल्यासारखी गुंज).

पेडल मिडीत कंट्रोलर ६४ म्हणून नोंदवलं जातं. ० ते ६३ म्हणजे वर, ६४ ते १२७ म्हणजे खाली. काही पियानो मधले आकडे अर्धं पेडल म्हणूनही समजून घेतात. पेडल घालण्यापूर्वी पॅटर्नमध्ये कंट्रोलर ६४ आधीच आहे का बघा. पुष्कळ पॅकमध्ये पेडल नसतं, त्याऐवजी नोटाच लांब ओढलेल्या असतात. त्यावर आणखी पेडल चढवलं की प्रत्येक सूर दोनदा लांबतो, आणि तुमचा गढूळपणा बहुधा तिथूनच आलाय. अशा वेळी एक तर पेडल घालूच नका, नाही तर आधी नोटांची लांबी आखडा.

पेडल हाताने लिहायचं असेल तर कॉर्ड बदलायच्या आधी ते उचलू नका. आधी उचललं की मध्ये भोक पडतं. नवी कॉर्ड वाजते त्याच क्षणी ० करा आणि साधारण बारच्या बत्तिसाव्या भागानंतर पुन्हा १२७. तुमच्या ८० बीपीएमला तो भाग ९४ मिलिसेकंदांचा. प्रोजेक्टला एका मात्रेचे ४८० टिक (सॉफ्टवेअरने मात्रेचे केलेले बारीक भाग) असतील तर ६० टिक. एवढ्या अवधीत डॅम्पर (तारा थांबवणाऱ्या गाद्या) तारांवर टेकून जुना सूर पुसतात आणि नवा सूर बोटाने धरलेला असतो. यातली खरी मेख पुढे आहे: जुन्या कॉर्डची नोट लांबून या ६० टिकांच्या पुढे गेली असेल, तर पेडल पुन्हा खाली जाताना तीही पकडली जाते आणि पुढचा सबंध बार मागे गुणगुणत राहते. पेडल बरोबर दिसतंय तरी गढूळ वाजतंय, असं असेल तर हीच नोट शोधा. जुन्या सगळ्या नोटा नव्या कॉर्डच्या क्षणी किंवा जेमतेम १०-२० टिक पुढे संपल्या पाहिजेत.

लूप करताना पॅटर्नच्या अगदी शेवटी कंट्रोलर ६४ ला ० लिहा. ते राहिलं तर पहिल्या फेरीतला शेवटचा सूर दुसऱ्या फेरीत शिरतो आणि प्ले थांबवलं तरी पियानो रेंगाळतो. पॅटर्नची फाइल उघडल्यावर डावा आणि उजवा हात असे दोन ट्रॅक झाले असतील तर दोन्हींवर वेगवेगळा पियानो लावू नका. पेडल सहसा एकाच ट्रॅकवर असतं, त्यामुळे एक हात भिजलेला आणि दुसरा कोरडा वाजतो. रॅम दुप्पट जाते ती जातेच. दोन्ही क्लिप एका ट्रॅकवर एकत्र करा.

दुसरं कारण, खालची गर्दी. नोट ४८ च्या खाली दोन सूर तीन-चार सेमीटोनच्या (लगतच्या दोन कीमधलं अंतर म्हणजे एक) अंतरावर वाजले की घरघर होते, कारण खालच्या तारांचे उपस्वर एकमेकांच्या फार जवळ येऊन आपटतात. खाली फक्त एकच सूर ठेवा, किंवा सूर आणि त्याचा पंचम, किंवा सप्तक. तिसरा सूर वर उजव्या हातात जाऊ दे. तुमचं ट्रान्सपोज बिघडतं ते इथेच. सी म्हणजे पांढरी एक. तिथून काळी चारवर जायला ८ सेमीटोन वर किंवा ४ खाली जाता येतं. ८ वर गेलात तर पियानो पातळ होतो आणि त्याचा वरचा सूर गायिकेच्या आवाजावर चढून बसतो. संथ गाण्याला ४ खाली जाणंच बरं, पण त्याने डाव्या हातातल्या कॉर्ड त्या घरघरीच्या प्रदेशात ढकलल्या जातात. म्हणून −४ करा, मग ४८ च्या खाली बासशिवाय जे काही उरेल ते निवडून १२ ने वर उचला. आणि ट्रान्सपोज एकाच जागी करा, क्लिपवर किंवा प्लगइनमध्ये. दोन्हीकडे राहिलं की गायिका रेकॉर्डिंगला उभी राहिल्यावर शोध लागतो.

जाता जाता सप्तकांच्या नावांचा घोळ: नोट ६० ला एबलटन लाइव्ह आणि लॉजिक सी३ म्हणतात, एफएल स्टुडिओ सी५ म्हणतो, इतर कित्येक ठिकाणी ती सी४ असते. म्हणून इथे नुसते आकडे देतोय. पियानोच्या ८८ की २१ ते १०८. याबाहेरच्या नोटा पॅटर्नमध्ये दिसल्या तर एक तर त्या वाजणार नाहीत, नाही तर काही प्लगइनमध्ये त्या आवाज बदलण्याच्या कळा असतात आणि पियानोचा रंग मध्येच बदलल्यासारखा वाटतो. उडवून टाका.

पॅकमधल्या कॉर्ड बऱ्याचदा सगळ्या मूळ मांडणीत असतात, म्हणजे सी, ए मायनर, एफ, जी या चारही वेळा हाताचा तोच पंजा नुसता इकडून तिकडे सरकवलेला. तेही यांत्रिक वाटण्याचं एक मोठं कारण आहे आणि दुरुस्ती पाच मिनिटांची. उजव्या हातात या नोटा ठेवून बघा: सीला ६०-६४-६७, ए मायनरला ६०-६४-६९, एफला ६०-६५-६९, जीला ५९-६२-६७. बास ४८, ४५, ४१, ४३. सीकडून ए मायनरकडे जाताना फक्त एक बोट हललं, पुढे एफलाही एकच. शेवटच्या बदलात वरचे तिन्ही सूर खाली उतरतात आणि बास वर चढतो, त्यामुळे जी अगदी सहज येऊन बसते. हे सगळं −४ केलं की काळी चारमध्ये: उजवा हात ५५ ते ६५, बास ३७ ते ४४. गायिकेला वर मोकळी जागा मिळाली.

हाताचाही विचार करा. एका हाताला पाच बोटं आणि आरामात आठ-नऊ पांढऱ्या कीचा पल्ला. एकाच क्षणी दोन सप्तकांत पसरलेल्या सात नोटा उजव्या हातात दिसल्या, तर त्या कोणी वाजवलेल्या नाहीत आणि ऐकणाऱ्याला कारण कळलं नाही तरी खोटेपणा जाणवतो. दोन-तीन नोटा काढून टाका. काढल्याने पॅटर्न क्वचितच बिघडतो.

वेळेकडे मी मुद्दाम शेवटी वळतोय. बहुतेक जण पहिल्यांदा ह्यूमनाइझचं बटण दाबतात, आणि तिथेच फसतात. ते बटण वेळ आणि जोर दोन्ही स्वतंत्रपणे, फासे टाकल्यासारखे हलवतं. खऱ्या पियानोत ते स्वतंत्र नसतात. जोरात दाबलेल्या कीची हातोडी तारेवर लवकर पोचते, हलक्या कीची मागून. म्हणून चांगल्या वादकाच्या कॉर्डमध्ये वरची, जोरातली नोट बाकीच्यांच्या किंचित आधी लागते. मोजमापात हा फरक २०-३० मिलिसेकंदांपर्यंत सापडतो. ह्यूमनाइझने जोरातली नोट मागे आणि हलकी पुढे टाकली, की कानाला नवशिक्याचा हात ऐकू येतो.

म्हणून वरची नोट आणि बास ग्रिडवरच (मात्रांच्या रेघांवर) राहू द्या, म्हणजे ड्रम्सशी भांडण नाही. मधल्या नोटा ८ ते १५ मिलिसेकंद मागे सरकवा, जितकी हलकी तितकी जास्त मागे. टिकचं गणित सोपं आहे: ६०,००० ला बीपीएमने भागा, मग एका मात्रेच्या टिकांनी. तुमच्याकडे ८० आणि ४८० धरले तर एक टिक जवळपास १.५६ मिलिसेकंदांचा, म्हणजे ५ ते १० टिक मागे. कॉर्ड पसरून वाजवायची असेल, तर खालून वर दर नोटेत ३० मिलिसेकंद, पण ती मुखड्याच्या किंवा अंतऱ्याच्या सुरुवातीलाच. दर बारला पसरवली की वीणा होते. हे सगळं झाल्यावर ह्यूमनाइझ हवंच असेल, तर फक्त व्हेलॉसिटीवर, ३ किंवा ४ पर्यंत. वेळेला शून्य.

पॅटर्न मुळात कोणी तरी वाजवलेला असेल आणि ड्रम्सवर बसत नसेल, तर क्वांटाइझ १०० टक्के करू नका. ६० टक्क्यांवर सुरू करा, म्हणजे प्रत्येक नोट ग्रिडच्या दिशेने निम्म्याहून थोडं जास्त अंतर सरकते आणि वाजवणाऱ्याचा डौल शिल्लक राहतो. पॅटर्न दुप्पट वेगाने वाजत असेल तर तो ४० च्या हिशेबाने लिहिलेला असू शकतो. क्लिप २०० टक्के लांब करा. ओढताना सॉफ्टवेअरने ‘फाइलचा टेम्पो घ्यायचा का’ विचारलं तर नाही म्हणा, नाही तर सगळ्या गाण्याचा वेग बदलून बसतो.

तुमचा २५ कीचा कीबोर्ड इथे कामाला येतो. पॅटर्नच्या नोटा राहू द्या, पण गाणं लावून एकाच कीवर एका बोटाने त्या कॉर्डची लय वाजवा आणि दुसऱ्या ट्रॅकवर रेकॉर्ड करा. नोटेचा सूर महत्त्वाचा नाही. तुमच्या बोटाने कुठे जोर दिला, कुठे हात सैल सोडला हे आकडे मिळतात. ते बघून पॅटर्नचे आकडे बदला. तीन-चार वेळा वाजवलंत की एक तरी फेरी पॅकपेक्षा तुमच्या गाण्याला जवळची निघते. छोट्या कीची व्हेलॉसिटी थोडी लहरी असते, एखादी नोट अकारण ११० दाखवते. तेवढी हाताने खाली आणा.

चार बारचा पॅटर्न सोळा वेळा तसाच चिकटवू नका. दर चौथ्या फेरीत शेवटच्या दोन मात्रा वेगळ्या करा, आणि वेगळं करणं म्हणजे बहुतेक वेळा काढणं. गायिका ओळ म्हणतेय तिथे पियानोने अर्ध्या नोटा गाळाव्यात, ती श्वास घेते तिथे भराव्यात. विशेषतः वरची नोट तिच्या सुरापासून निदान दोन-तीन सेमीटोन लांब, शक्यतो खाली.

आता कडकड. पियानो ट्रॅकचा तो भाग ऑडिओ म्हणून एक्स्पोर्ट करा आणि ती फाइल ऐका. त्यातही कडकड असेल तर आवाज ० डेसिबलच्या वर जाऊन फुटतोय. प्लगइनचा आवाज कमी करा, मीटर −६ च्या आसपास थांबू द्या. फाइल स्वच्छ असेल तर लॅपटॉपला वाजवताना दम लागतोय. बारच्या मध्येच बास गायब होत असेल तर तो तिसराच प्रकार: पॉलिफनी (एका वेळी किती सूर वाजू शकतात ती मर्यादा) कमी पडतेय. मर्यादा भरली की प्लगइन सगळ्यात जुना सूर कापतो आणि जुना सूर बहुधा बासच असतो. सोळाव्या भागांचा अर्पेजिओ एक बार पेडलवर ठेवला तर १६ सूर होतात. दोन माइकचे आवाज चालू असतील तर ३२, शिवाय की सोडल्याचे आणि तारांच्या गुंजनाचे वेगळे. त्यामुळे ३२ पुरत नाही, ६४ ते ९६ ठेवा. तुमच्या ८ जीबीत एकच माइक चालू ठेवा, लायब्ररी एसएसडीवर हलवा आणि पॅटर्न ठरला की ट्रॅक फ्रीझ करा (तात्पुरता ऑडिओ करून ठेवा). प्रोजेक्ट आणि ऑडिओ उपकरण यांचा सॅम्पल रेट सारखाच आहे ना, तेही एकदा तपासा.

सूर उशिरा निघतो तो बफरमुळे, म्हणजे लॅपटॉप आवाज थोडा साठवून मग सोडतो त्यामुळे. ४४.१ किलोहर्ट्झला १२८ चा बफर २.९ मिलिसेकंद घेतो, २५६ चा ५.८, ५१२ चा ११.६ आणि १०२४ चा २३.२. कीबोर्ड रेकॉर्ड करताना १२८ किंवा २५६, पॅटर्न मांडताना आणि मिक्स करताना १०२४. माउसने नोटा मांडताना लेटन्सीचा (या उशिराचा) काही संबंध नाही, उगाच लहान बफरवर लॅपटॉप दमवू नका. विंडोजवर ऑडिओ इंटरफेसचा स्वतःचा एएसआयओ (उशीर कमी ठेवणारा) ड्रायव्हर निवडा. इंटरफेसच नसेल तर एएसआयओ४ऑल. ब्लूटूथ हेडफोन लावून वाजवत असाल तर यातल्या कशाचाच उपयोग नाही, तार असलेला हेडफोन घ्या.

गढूळपणाचं तिसरं कारण राहिलं होतं. प्लगइनमधला रिव्हर्ब बंद करा आणि गायिकेला जो रिव्हर्ब लावाल त्याच्याच सेंडवर (सामायिक इफेक्टकडे जाणाऱ्या वाटेवर) पियानो थोडासा पाठवा. गाण्यात वेगळा बास असेल तर पियानो ८० ते १०० हर्ट्झच्या खाली कापा, २५० ते ३५० च्या मध्ये २-३ डेसिबल उतरवा. स्टिरिओ रुंदी ६०-७० टक्क्यांवर आणा आणि एकदा मोनोत ऐका; पियानो मोनोत पोकळ झाला तर प्लगइनमध्ये दुसरा माइक निवडून बघा. एक्स्पोर्ट करताना शेवटच्या सुरानंतर ६ ते ८ सेकंद जास्त घ्या, पियानोचा सूर विझायला तेवढा वेळ लागतो. २४ बिट वेव्ह फाइल काढा आणि मिडीचा ट्रॅक पुसू नका, नुसता म्यूट करा. गायिका ऐनवेळी पट्टी बदलते.

फुकटच्या पॅटर्नचं म्हणाल, तर ‘फुकट’ आणि ‘वापरायला मोकळा’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पॅकसोबत लायसन्सची फाइल असते, तिच्यात दोन ओळी शोधा: व्यावसायिक गाण्यात वापरायची परवानगी आहे का, आणि श्रेय द्यावं लागतं का. पॅटर्न जसेच्या तसे पुन्हा पॅक म्हणून वाटायला बहुतेक ठिकाणी मनाई असते. एखाद्या प्रसिद्ध गाण्याची मिडी फाइल असेल तर ती कोणीही टाइप केलेली असो, चालीचा हक्क मूळ संगीतकाराचा किंवा प्रकाशकाचा राहतो. तिला हात लावू नका. नुसत्या चार कॉर्डच्या क्रमावर सहसा कोणी हक्क सांगत नाही, पण पॅकमधली वरची चाल आणखी पुष्कळ जणांच्या गाण्यांत असू शकते आणि गाणं अपलोड केल्यावर आपोआप जुळणी करणारी यंत्रणा ते पकडू शकते. म्हणून वरची नोट निदान दर दुसऱ्या बारला स्वतःची घाला. लायसन्सची फाइल गाण्याच्या प्रोजेक्ट फोल्डरमध्येच ठेवा, पॅकच्या नावासह. डाउनलोडचा फोल्डर कधी तरी साफ होतोच.